लाल पट्टीचे आठ नारळ

वेळणेश्वरात भिकाजीच्या हाताबद्दल दुमत नव्हतं. माणसाबद्दल होतं. तो बढाईखोर आहे असं निम्मं गाव त्याच्या पाठीमागे म्हणायचं आणि उरलेलं निम्मं त्याच्या तोंडावर. पण त्याच्या हाताला गुण आहे, हे सगळेच कबूल करत. देवळाच्या मागे पुळणीला लागून त्याचे नारळाच्या रोपांचे वाफे होते. मार्गशीर्षात तिथे जाऊन उभं राहिलं की ओळीने हिरवे कोंब दिसत आणि मधे एकही जागा रिकामी नसे. गुहागरपासून पार पालीपर्यंतचे बागायतदार तिथून रोपं नेत, आणि नेताना एकदा त्याच्या हाताकडे बघत.

रिकामी जागा नसायची त्याचं कारण साधं होतं, पण भिकाजी ते कुणाला सांगत नसे. मृगावर पुरलेले नारळ पाचेक महिन्यांत उगवायचे तेवढे उगवतात. उरलेले तो मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, उपटून काढायचा आणि त्यांच्या जागी गोठ्यामागच्या वाफ्यातली रोपं आणून बसवायचा. याला नांग्या भरणं म्हणतात. भात लावणारा प्रत्येक माणूस नांग्या भरतो, त्यात पाप काहीच नाही. फक्त भात लावणारा ‘माझं एकही रोप मेलं नाही’ असं छाती ठोकून सांगत नाही, आणि भिकाजी सांगायचा.

गोठ्यामागचा हा दुसरा वाफा श्रावणात लावलेला असे. तिकडे गिऱ्हाइकाला नेण्याची पद्धत नव्हती. तिथे जागोजाग खळगे होते आणि तो वाफा तोंडात दात कमी झालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा. बायको सगुणा आणि एक तांबडी गाय, एवढ्यांनाच त्याची खबर होती, आणि दोघीही बोलक्या नव्हत्या.

भिकाजीने उमेदीची बावीस वर्षं मालवाहू बोटींवर घालवली होती. इंजिनरूममध्ये तो तेलवाला होता. हातात तेलाचं कॅन घेऊन बेअरिंगांमागून बेअरिंगं फिरायची, प्रत्येकाला हात लावून गरम आहे का बघायचं, तेल घालायचं आणि घातलं की रजिस्टरात वेळ लिहायची, हे त्याचं काम. पोटापाण्याचं बघून झाल्यावर तो गावी आला आणि त्याने वाफे धरले. मूलबाळ नव्हतं. त्याची सगळी माया धाकट्या भावाच्या मुलीवर, चिमावर होती. भाऊ मुंबईला गिरणीत, चिमा लहानपणापासून इथेच काका-काकीपाशी वाढलेली.

ही चिमा दहावीला गणितात दोनदा आपटली होती. तेव्हा भावाने मुंबईहून कळवलं की पोरीला आता शाळेतून काढा आणि कुठेतरी बघून उजवून टाका. भिकाजी त्या वेळी बोटीवर होता. त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून तार केली होती : ‘पोरीला काढू नये. तिसऱ्यांदा बसवावे.’ तिसऱ्यांदा ती पास झाली, पुढे शिकायला गाव सोडलं, मग थांबलीच नाही. शहाऐंशी साली ती रत्नागिरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. करत होती आणि तिचा प्रबंध होता नारळावर. भिकाजीला जग जिंकल्यासारखं झालं होतं.

“नारळावर काय शिकायचं हाय तुला? मला विचार,” तो म्हणाला होता.

“तुम्हालाच विचारतेय, काका,” चिमा म्हणाली. “एकाच माडाचे, एकाच दिवशी पुरलेले नारळ. मग काही तीन महिन्यांत उगवतात आणि काही सहा महिने ढिम्म हलत नाहीत. का?”

भिकाजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकून घेतलं.

मृगावर त्याने स्वतः विहिरीवरच्या माडाचे चोवीस नारळ दोराने खाली सोडून उतरवले. बियाण्याचा नारळ कधी वरून टाकत नाहीत. ते मोठ्या वाफ्याच्या कोपऱ्यात आडवे पुरले. नवरात्रात चिमा आली. सोळा नारळांना कोंब आले होते, त्यांच्यापाशी तिने पत्र्याच्या पांढऱ्या पट्ट्या रोवल्या. आठ आले नव्हते, त्यांच्यापाशी लाल. जाताना बजावून गेली, “काका, डिसेंबरात न्यायला येते. तोवर पट्ट्या हलवू नका हं.”

भिकाजीने पट्ट्या हलवल्या नाहीत. एकदा गाय आत शिरली तेव्हा त्याने गाईपेक्षा पट्ट्यांची काळजी जास्त केली.

मग मार्गशीर्षातली ती सकाळ आली. भिकाजी टोपली आणि कोयता घेऊन वाफ्यात उतरला. सहा वर्षं जे हात करत आले तेच हात करू लागले : न उगवलेला दिसला की उपट, टोपलीत टाक, गोठ्यामागचं रोप आण, बसव, रेती दाब. कोपऱ्यात पोचल्यावरही हात थांबले नाहीत. लाल पट्टीचे आठही नारळ टोपलीत गेले आणि त्यांच्या जागी वीत-वीतभर कोंबाचे आठ आले. पट्ट्या जशाच्या तशा होत्या. कंबर सरळ करताना त्याच्या ध्यानात आलं की हे तर चिमाचे. क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण मग त्याला वाटलं, बरंच झालं की. आठ नारळ उगवलेच नाहीत म्हणजे पोरीचा तेवढा प्रयोग नापास, आपण तो पास करून दिला. न उगवलेला नारळ कुणाला कशासाठी हवा असेल, हा विचार त्याच्या डोक्यात शिरायला वावच नव्हता. काढलेल्या नारळांपैकी बाकीचे त्याने घाण्यावर धाडले. विहिरीवरच्या माडाचे आठ चांगले टप्पोरे होते, ते सगुणाने स्वयंपाकाला ठेवून घेतले.

चिमा आली त्या दिवशी पालीचा महिपत रोपं बघून ठेवायला वाफ्यावर आला होता. महिपत म्हणजे भिकाजीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि तितकाच जुना मित्र. दर वर्षी रोपं न्यायचा आणि दर वर्षी तोंडभर कौतुक करायचा. चिमा कोपऱ्यात गेली आणि तिथूनच ओरडली.

“काका! लाल पट्टीचे सगळे उगवले?”

“अगो, भिकाजीच्या हाताखाली नारळाची काय टाप हाय न उगवायची?” महिपत म्हणाला.

आता इथे भिकाजीने ‘नाय गो, मी नांग्या भरल्या’ एवढे चार शब्द बोलायचे होते. पण महिपत समोर उभा. झाकली मूठ सव्वा लाखाची. भिकाजी मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, “सगळेच उगवतात माझे. उशिरा का होईना.”

चिमाने वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या कपाळावर आठी होती, पण ती भिकाजीला दिसली नाही. तो महिपतच्या चेहऱ्यावरचा आदर बघण्यात गुंतला होता.

आठ पांढऱ्या पट्टीचे नि आठ लाल पट्टीचे, असे सोळा नारळ वरच्या जाड सोडणासकट म्हणजे थोडं ओझं नाही. दोन पोती झाली आणि ती पोचवायला भिकाजी स्वतः निघाला. तवसाळहून लाँचने जयगड, तिथून एसटीने रत्नागिरी. मिरकरवाड्याला त्याचा बोटीवरचा जुना सोबती लवू राहायचा, त्याच्याकडे मुक्काम ठरला. आणि दुसऱ्या दिवशी भिकाजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसून पुतणीचं काम बघू लागला.

नारळ फोडल्यावर आत काय असतं हे त्याला सांगायला नको होतं. बाहेर कोंब येतो तसा आत पाण्याच्या जागी एक पांढरा, भुसभुशीत गोळा वाढत जातो आणि करवंटी भरून टाकतो. तो गोळा गोड लागतो. लहानपणी त्याच्यासाठी भिकाजीने चुलत्यांच्या वाफ्यात चोऱ्या केल्या होत्या.

“तो गोड का लागतो, काका?” चिमाने गोळ्याचा तुकडा आणि त्याला चिकटलेलं खोबरं बर्फावरच्या खलात घेत विचारलं. बर्फ तिने सकाळी बंदरावरून आणला होता आणि त्याला सुरमईचा वास येत होता.

“गोड असतो म्हणून गोड लागतो.”

“खोबरं कुठे एवढं गोड असतं? खोबऱ्यात तेल असतं. कोंबाला तेल खाता येत नाही. कोठीत भात भरलेलं आहे, पण पोराला काय भात चावून खाता येतं? कांडायला हवं, शिजवायला हवं. तसं हे तेल आधी फोडावं लागतं. ते फोडणारी एक वस्तू बीच्या आतच तयार होते, तिला म्हणतात लायपेज. हे एक एन्झाइम आहे. तेल फुटलं की त्याची पुढे साखर होते. ती गोळ्यात येते, गोळ्यातून कोंबाला आणि मुळांना जाते. मातीतून खायला मिळेपर्यंत रोपाचं सगळं वाढणं त्या तेलावर. आणि कोठी उघडणारं कोण, तर हे लायपेज.”

भिकाजी ऐकत राहिला. बावीस वर्षं त्याने तेल हाताळलं होतं. तेलावर इंजिन चालतं हे त्याला ठाऊक होतं, पण माडही आधी तेलावर चालतो आणि आत कुणीतरी तेलवाला बसलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मनापासून आनंद झाला. आपल्याच जातीतलं कुणी भेटावं तसा.

“म्हणजे आमच्यातलाच झाला की तो!” तो म्हणाला आणि चिमा खो-खो हसली.

मग तिने खललेलं गाळून एका बाटलीतल्या दुधाळ तेलात घातलं. अर्धा तास थांबली. तेल फुटलं की आंबट पदार्थ सुटतो, तो किती सुटला हे मोजायचं, असं तिने सांगितलं. उभ्या काचेच्या नळीतून ती थेंब-थेंब औषध सोडू लागली. रंग नाही, रंग नाही, आणि एकाएकी बाटली गुलाबी झाली.

“जितके थेंब जास्त, तितकं तेल जास्त फुटलं, तितकं लायपेज जास्त,” ती म्हणाली. “हा पांढऱ्या पट्टीचा. एकोणचाळीस.”

लाल पट्टीच्याला अडतीस थेंब लागले. पुढचा पांढरा, चाळीस. पुढचा लाल, चाळीस. दुपारपर्यंत चिमाचे डोळे चमकायला लागले होते.

“काका, कळतंय का तुम्हाला? सरांचं म्हणणं होतं की लाल पट्टीच्यांत लायपेज कमी असणार. म्हणून तर त्यांना उगवायला वेळ लागतो. सगळ्यांना असंच वाटतं. आणि हे बघा! सारखंच! म्हणजे उशिराचं कारण लायपेज नव्हेच, दुसरंच काहीतरी आहे. मी हे लिहिलं ना, तर सरसुद्धा गप्प बसतील.”

भिकाजीला आता उमगलं. पोरीला हवे होते ते न उगवलेलेच. त्यांनाच विचारायचं होतं, बाबांनो, तुम्ही का नाही उगवलात? आणि त्यांच्या जागी त्याने उगवलेले नेऊन बसवले होते. सारखे थेंब लागतील नाहीतर काय!

सांगावं तर पोरीचा हा चेहरा. आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, सहा वर्षांच्या नांग्यांसकट. तो “छान, छान,” म्हणाला, रिकामी पोती काखेत मारली आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचला.

सगुणाने नारळाचा रस घालून बांगड्याचं तिकलं केलं होतं. भिकाजी पानावर बसला आणि भात चिवडत राहिला. बांगड्यापुढे हात आखडणारा नवरा सगुणाने संसारात पहिल्यांदा बघितला.

“काय झालं? बरं नाय काय?”

“सगुणा, ते विहिरीवरच्या माडाचे आठ नारळ कुठे हायत?”

“पाच खाल्लेत तुम्ही,” ती म्हणाली. “हा पाचवा, पानात हाय तो. तीन फळीवर.”

भिकाजीने पानाकडे बघितलं. पुतणीचा प्रयोग तो कालवून खात होता. त्याने मग सगळं सांगितलं : नांग्या, महिपत, थेंब, सर. सगुणा भाकरी थापता थापता ऐकत होती. तिला आश्चर्य कशाचंच वाटलं नाही, एवढंच त्याला जरा लागलं.

“तरीच,” ती म्हणाली. “त्या नारळांचा रस दाट निघतो. तेल वर तरंगतं. कोंब आलेल्या नारळाचा रस पातळ असतो, खोबरं पोचट, कोंबाने खाल्लेलं असतं ना. ह्यांचं कुणी काय खाल्लंच नव्हतं.”

“तिला काय सांगू आता? पोर नाचत व्हती.”

“हाय ते सांगायचं.”

“महिपताच्या समोर बोललोय मी. गावात तोंड दाखवायला जागा राहील काय? आणि नारळ नाय उगवला तर नाय उगवला. सगळं जग उपटून टाकतं तो. मीच एकटा काय—”

सगुणाने भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. “चिमा दोनदा नापास झाली तेव्हा तार कुणी केलीन? तेव्हा नाय ती तिला उपटून तिची नांगी भरलीत.”

भिकाजीने भात चिवडणं थांबवलं. बायको फार बोलणारी नव्हती, पण बोलली की माणसाला पळायला वाट ठेवायची नाही.

त्याला बोटीवरची एक गोष्ट आठवली. दुसऱ्या पाळीच्या एका तेलवाल्याने बेअरिंगला तेल घातल्याचं रजिस्टरात लिहिलं आणि घातलं नव्हतं. दिसायला एक ओळ. पुढच्या पाळीवाल्याने ती ओळ वाचली, खरी मानली आणि तो पुढे गेला. पहाटे ते बेअरिंग जळून शाफ्ट अडकला आणि बोट भर समुद्रात तीन दिवस नुसती डुलत राहिली. त्या माणसाला भिकाजीने स्वतः शिव्या घातल्या होत्या, आणि त्या शिव्या अजून त्याला तोंडपाठ होत्या. आता चिमा त्याच्या एका ओळीवर प्रबंध लिहिणार, तो वाचून आणखी कुणी पुढे जाणार. आपण आपल्यालाच घालाव्यात अशा त्या शिव्या होत्या.

“उद्या सकाळची लाँच किती वाजता हाय?” त्याने विचारलं, आणि तिकलं पुढे ओढलं. झालेला प्रयोग आता वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने ते तीन नारळ टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. बसलो तर धीर सुटेल अशी त्याला भीती होती. चिमा ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. वही उघडी होती. आकडे सुरेख ओळीत मांडलेले होते.

“सगळे आठच्या आठ?”

“आठच्या आठ.”

“आणि मी विचारलं तेव्हा—”

“महिपत व्हता समोर.”

चिमा उठून खिडकीशी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काकांना दिसू नये म्हणून ती पाठमोरी उभी राहिली. आतापर्यंत ती काकांवर कधी रागावली नव्हती, त्यामुळे कसं रागवायचं हेही तिला नीट जमेना. “सरांना मी कालच सांगून आले,” ती शेवटी म्हणाली. “फुशारकीनं.”

“मग तू माझ्यावरच गेलीयस,” भिकाजी म्हणाला.

तिला हसायचं नव्हतं, पण नाकातून हसू निसटलंच. मग तिने डोळे पुसले, त्या तीन नारळांकडे बघितलं आणि कोयता मागितला.

पहिल्यात आतला गोळा सुपारीएवढा होता. दुसऱ्यात लिंबाएवढा. तिसऱ्यात बोटाच्या पेराएवढा, शोधून सापडला असा. खोबरं मात्र जाड, घट्ट, करकरीत. तिने खललं, तेलात घातलं, अर्धा तास दोघं घड्याळाकडे बघत बसली. नळीतून थेंब पडू लागले. भिकाजी ओठ हलवत मोजत होता. नऊ थेंबांना बाटली गुलाबी झाली. दुसरी अकराला. तिसरी सातला.

 बाहेर कुठेतरी तास झाल्याची घंटा वाजली.

“सरांचंच बरोबर दिसतंय,” चिमा म्हणाली. “कोठी भरलेली आहे, किल्लीच तयार झालेली नाही. पण तीन नारळांवर काही सिद्ध होत नाही, काका. महिनाभर रेतीबाहेर पडले होते, वाळल्यानेही कमी झालं असेल. विहिरीवरच्याच माडाचे, अजून रेतीत असलेले, न उगवलेले हवेत. ते आता कुठून आणू? पुढच्या मृगापर्यंत—”

“गोठ्यामागे,” भिकाजी म्हणाला.

“काय?”

“गोठ्यामागे माझा दुसरा वाफा हाय. श्रावणात लावलेला. त्यात विहिरीवरच्या माडाचे तीसेक नारळ असतील. त्यातले पुष्कळ अजून नाय उगवलेले.” हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते आणि ते उच्चारायला जड होते. “तिथे मी नांग्या भरत नाय. तिथे कोण बघायला येत नाय.”

चिमाने लाल पट्टीचे आकडे खोडले. कागद फाडला नाही, खाडाखोड केली नाही, प्रत्येक आकड्यावरून एक सरळ रेघ मारली, म्हणजे खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘या नारळांच्या जागी दुसरे लावले गेले होते.’ मग वही त्याच्यापुढे सरकवली. भिकाजीने ती रेघ ओळखली. बोटीवरच्या रजिस्टरातही चुकलेली ओळ अशीच खोडायची रीत होती. त्याने काही न विचारता खाली सही केली, तारीख घातली आणि सवयीने वेळसुद्धा लिहिली.

पुढच्या आठवड्यात गोठ्यामागच्या वाफ्यात पट्ट्या आल्या. बारा पांढऱ्या, अकरा लाल. या खेपेला चिमा ‘पट्ट्या हलवू नका’ म्हणाली नाही. “यातलं काहीच हलवू नका,” म्हणाली, आणि माघात येते असं सांगून गेली.

पौषात महिपत रोपं न्यायला आला. मोठ्या वाफ्यापाशी उभं राहून त्याने दर वर्षीसारखी मान डोलावली. “चिमाचा कोपरा सोडला तर एक जागा रिकामी नाय. काय हात हाय रे तुझा!”

भिकाजीने मिशीला हात नेला आणि तसाच खाली आणला. “महिपत, जरा मागे चल. तुला एक वाफा दाखवायचाय.”

गोठ्याला वळसा घालून दोघं मागे गेले. महिपतने खळगे बघितले, रिकाम्या जागा बघितल्या, अकरा लाल पट्ट्या बघितल्या. “हा कुणाचा?” त्याने विचारलं.

“माझाच. पुढचा पण असाच असतो. मार्गशीर्षात मी न उगवलेले काढतो नि इथले नेऊन भरतो. त्या दिवशी चिमासमोर बोललो ते खोटं व्हतं. तुला दिलेली रोपं चांगलीच हायत, ती उगवलेलीच असतात. पण सगळे नाय उगवत माझे.”

 महिपतने वाकून एका लाल पट्टीशेजारच्या नारळावरची रेती बोटाने बाजूला केली, नारळ बघितला आणि रेती परत सारखी केली. मग बांधावर बसला.

“शंभरातले किती जातात तुझे?” त्याने विचारलं.

“पंचवीस. एखाद्या साली तीस.”

“पंचवीस-तीस,” महिपत म्हणाला आणि त्याला हसू यायला लागलं. आधी हळू, मग पोट धरून. भिकाजीला कळेना की अपमान झाला की काय झालं. महिपतने टोपीने डोळे पुसले.

“अरे, माझे पण तेवढेच जात व्हते रे! तू बोटीवरून यायच्या आधी मी माझी रोपं मीच करायचो. आठवतंय? बाप करायचा, मी करायचो. मग तुझा वाफा बघितला. एक खळगा नाय! घरी जाऊन माझा बघितला, चौथाई मेलेला. म्हटलं, संपलं. आपल्या हाताला गुण नाय. ती जी रेती सोडली ती सहा वर्षं हात नाय लावला. बायकोला सांगायचो, झाडाला माझा हात सोसत नाय म्हणून.” त्याने आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि उलटेपालटे करून बघितले. “चांगले व्हते की रे हे.”

 आपली बढाई आपल्यापुरती आहे, असं भिकाजीला आजवर वाटत आलं होतं. सहा वर्षं ती पालीला एका माणसाच्या हातांवर बसून होती, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो महिपतशेजारी बांधावर बसला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“चुकलंच,” महिपत म्हणाला. “चहा सांग.”

सगुणाने चहा तिथेच बांधावर आणून दिला. दोघांनी तो गोठ्यामागच्या त्या दातपडक्या वाफ्याकडे बघत घेतला. मग भिकाजीने महिपतला नारळाच्या आतल्या तेलवाल्याची गोष्ट सांगितली. कुणाचा तेलवाला लवकर कामाला लागतो, कुणाचा उशिरा, त्यात हाताचा संबंध नाही, असं त्याने दोन-दोनदा समजावलं. महिपतला ती फार पटली.

जाताना महिपतने रोपं घेतली नाहीत. रिकामी टोपली पुढे केली. “विहिरीवरच्या माडाचे बियाण्याचे नारळ दे मला,” तो म्हणाला. “बघून दे. यंदा मी माझे मीच लावतो.”

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक असं डोळ्यांदेखत हातचं गेलं. भिकाजी मात्र दोर घेऊन स्वतः माडावर चढायला निघाला. या वयात चढू नका म्हणून सगुणा खालून ओरडत राहिली. तो वर पोचला आणि एकेक नारळ दोराने, न आपटता, अलगद खाली सोडू लागला, आणि खाली महिपत दोन्ही हात पुढे करून ते झेलत होता.